लांडग्यांच्या कुंपणाला आंबील

येळवशीच्या दिवशी लातुरात कर्फ्यू लागल्यागत असतं. दुकानं बंद, क्लास बंद, रिक्षा शोधून सापडत नाही. सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात. पंचांगात ‘वेळ अमावस्या’ असं लिहिलेलं असतं, पण आमच्या तोंडात येळवसच बसते. मार्गशीर्ष सरताना, हरभरा घाट्यावर आलेला असतो तेव्हा ती येते.

त्या दिवशी रानात कडब्याची कोप उभी करायची, म्हणजे खोपटं. आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची. मग आंबिलीचं मडकं घेऊन सगळ्या शेताला फेरी मारायची. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवायचं, वर लसूण-जिरं, ती आंबील. पुढचा माणूस ती पिकावर शिंपडत जातो, मागचे ‘ओलगेऽ ओलगे’ अशी आरोळी देतात. या आरोळीचा अर्थ मला इतक्या वर्षांत कुणी धड सांगितला नाही. कानडीतून आली असंल, असं म्हणून सगळे हात झटकतात. फेरी झाली की पाल्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि रस्त्यानं दिसेल त्याला हाका मारमारून जेवायला बसवायचं. येळवशीला जेवायला नाही म्हणायची सोय नसते.

माझं माहेर भोकरकडचं. आमच्या घरी हे एवढं थाटाचं नव्हतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या येळवशीला मी कोपीत बसून मुळूमुळू रडत होते, मला आईकडं जायचं होतं. आमचे हे आत आले, मडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “ऊठ. औंदा तू शिंपड. एकदा का तुझ्या हातची आंबील पडली, की हे रान तुझंबी झालं.” सासरे काहीतरी पुटपुटले, पण मी शिंपडली. तीन एकराची फेरी मारून आले आणि खरंच सांगते, त्यानंतर येळवशीला मला माहेर कधी आठवलं नाही. हे बोलले ते किती खरं होतं, ते मला फार उशिरा कळलं. तेही फार महागात.

तर अशा दिवशी मागच्या साली मी कुठं होते? नॉर्वे देशाच्या पार वरच्या टोकाला, सकाळी आठ वाजता, मिट्ट काळोखात, एका बसमध्ये. मांडीवर आंबिलीचा थर्मास.

माझी एकुलती एक लेक तिकडं राहते. माशांच्या रोगांवर संशोधन करते. सहा वर्षांत एकदाही येळवशीला आली नाही, कारण तेव्हा तिला सुट्टी नसते. वडील वारले तेव्हा आली, तेराव्याला परत गेली. मी लातुरात क्लासच्या पोरींची मेस चालवते, रोज साठ-सत्तर पोरींना वाढते, आणि माझी स्वतःची पोरगी डब्यातलं थंड खाते, हे माझ्या जिवाला लागून असतं. दर येळवशीला मी तिच्या नावाचं ताट वाढून कोपीत झाकून ठेवायची आणि दिवस मावळताना गाईपुढं ठेवायची. कुणी हसलं तर हसू दे.

आता तिच्या कामाचा करार मार्चमध्ये संपत होता. तिकडचे लोक वाढवून द्यायला तयार होते. इकडं नांदेडच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि तिची निवडही झाली होती. दोघांनाही सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. फोनवर ती म्हणाली, “आई, माझं डोकं चालायला न्हाई. तू ये, बघ, आणि सांग. तू म्हणशील तसं.” मी तिकीट काढायच्या आधीच ठरवलं होतं काय सांगायचं ते. चल घरी, दुसरं काय! नांदेड म्हणजे लातूरहून सकाळी निघावं आणि दुपारी जेवायला पोचावं. मी विमानात बसले ते लेकीला घेऊन यायलाच.

सहलीचा बेत तिचा. वरच्या जंगलात एक प्राणी उद्यान आहे, थंडीतल्या जनावरांचं. बसनं न्यायचं, गाइडनं फिरवायचं, शेकोटीपाशी जेवण, संध्याकाळी परत. तिनं आधीच नोंदवून ठेवलं होतं, आणि नेमकी येळवस. आदल्या दिवशी मी म्हणले, “उद्या कसं जायचं? उद्या येळवस हाय.” ती म्हणाली, “मग काय झालं? येळवशीला रानातच जातात की.” मी लगेच पाला निवडायला घेतला. पहाटे उठून पेटीतनं आणलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील केली, त्या निवडलेल्या पाल्याची आणि डाळींची भज्जी केली. घरभर लसणाचा वास. तिला वाटलं, आई वाटेत प्यायला घेतेय.

माझ्या मनात दुसरंच होतं. आंबील कुठल्यातरी मातीवर पडायलाच पाहिजे. शेत नाही तर ते रान. पुरी फेरी मारायची आणि पांडवांना मागायचं: माझी लेक माघारी द्या. बास, एवढंच.

गाइड म्हणजे एक बाई होती, माझ्याच वयाची, उंचीनं बसच्या दारात वाकून चढणारी. तिनं सगळ्यांना एकेक जाडजूड पोशाख दिला, सदरा-विजार एकत्र शिवलेला. लेक म्हणाली होती पँट घाल, पण सणाला साडी नेसल्याशिवाय मला करमत नाही. ती सहावारी त्या पोशाखात कोंबता कोंबता माझा जीव गेला. पोटाशी निऱ्यांचं हे एवढं गाठोडं! गाइडबाई माझ्याकडं बघून हसली नाही, चेन वर ओढायला मदत केली, हे मात्र मी लक्षात ठेवलं.

दोन-तीन तास बस चालली. तिकडं त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. अकराच्या सुमाराला नुसतं फटफटतं, सगळं निळं-निळं दिसतं, आणि दोन वाजले की परत अंधार. उतरल्यावर गाइडबाईनं नियम सांगितले, लेकीनं ते मला मराठीत सांगितले. जाळीत हात घालायचा नाही. काही खायला टाकायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही म्हणजे आम्ही लातूरकरांनी श्वासच घ्यायचा नाही की काय! लेकीनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, “आई, इथं काही करू नको.”

रेनडिअर बघितले. गाइडबाईनं त्यांना वाळलं शेवाळ चारायला दिलं आमच्या हातात, तेवढंच काय ते परवानगीचं. ओठ बकरीसारखे मऊ. मूस म्हणून एक बघितलं, घोड्याएवढं सांबर, नाकाड हे लांब. शेपूट अर्धवट राहिलेलं एक रानमांजर बघितलं, ते आमच्याकडं असं बघत होतं की जणू आम्हीच पिंजऱ्यात आहोत. पाय बधिर झाले होते, नाक जागेवर आहे का ते चाचपावं लागत होतं, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. लेक हाताला धरून चालत होती. एवढा वेळ तिनं माझा हात शेवटचा कधी धरला होता, मला आठवेना.

मग गाइडबाई एका ठिकाणी थांबली आणि ओठावर बोट ठेवलं. पुढं नुसता बर्फाचा उंचवटा. त्याखाली अस्वल झोपलंय म्हणे. आता वसंतातच उठेल. सगळे शहाण्यासारखे त्या ढिगाकडं बघत उभे. एक म्हातारं जर्मन जोडपं तर फोटो काढत होतं! मी म्हणले, “अगं, पण दिसंना झालंय तर आणलंय कशाला?” लेक खुदकन हसली आणि तिनं ते गाइडबाईला सांगितलं. ती बाई अगदी गंभीरपणे म्हणाली, “ते आहे, एवढं माहीत असलं की पुरे होतं.”

मला नाही पुरत. मी तिथंच मनात म्हणले, बाई, मला नाही पुरत. सहा वर्षं मला माहीत आहे, माझी लेक आहे, धडधाकट आहे, कुठंतरी बर्फात आहे. तेवढ्यानं आईचं पोट भरतं का? मला ती समोर पाटावर बसलेली पाहिजे. मी तिच्या हातातला हात घट्ट केला आणि ठरवलं, आता उशीर करायचा नाही.

पुढं लांडग्यांचं कुंपण होतं. उंच जाळी, आत झाडं, आणि मधी मोकळं रान. अंदाज केला, दोन-तीन एकर असेल. आमचं शेतही तेवढंच. मला वाटलं, देवानंच आखून ठेवलंय. गाइडबाई सगळ्यांना लांडग्यांच्या घराण्याची गोष्ट सांगत होती, लेक ऐकण्यात गुंग. मी हळूच मागं सरले, थर्मास उघडला, देवदारासारख्या त्या झाडाची एक डहाळी मोडली आणि जाळीच्या कडंकडंनं निघाले. डहाळी बुडवायची, शिंपडायची. बुडवायची, शिंपडायची. आरोळी ओठातल्या ओठात. बर्फ गुडघ्यापर्यंत, साडी आत गुंडाळलेली, तरी बाईसाहेब चालतायत. फेरी अर्धी सोडायची नसते. अर्धी सोडली तर रान वर्षभर रुसतं, असं सासूबाई म्हणायच्या.

मागं बघितलं तर आतल्या बाजूनं एक लांडगा माझ्याबरोबर चालत होता. मग दुसरा. मग चार. एक जण जाळीला लागलेली आंबील चाटायला लागला. गरम ताक आणि लसूण, त्याला काय माहीत हे येळवशीचं आहे! तेवढ्यात गाइडबाईचं लक्ष गेलं आणि मला गप बसा म्हणणारी ती बाई अशी ओरडली, अशी ओरडली, की लांडगेसुद्धा पळाले.

लेक धावत आली. “आई! काय करायलीस तू?”

“येळवस करायले,” मी म्हणले. “दुसरं काय करायले?”

गाइडबाईनं थर्मास घेतला, वास घेतला, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग कुठून तरी फावडं आणलं आणि माझी शिंपडलेली आंबील बर्फासकट खरवडून बादलीत टाकली. पार पहिल्या पावलापासून. माझ्या देखत. ती तिच्या जागी बरोबर होती. तिची जनावरं, तिला भीती वाटणारच. पण सणाची आंबील अशी बादलीत! मागणं तर अर्ध्यातच राहिलं.

जेवायला एक लाकडाची टोकदार झोपडी होती, मधोमध शेकोटी, भोवती कातडी अंथरलेली बाकं. मी गुन्हेगारासारखी कोपऱ्यात. वाट्यांतून रस्सा आला. लेकीला विचारलं, कशाचा? रेनडिअरचा. मी मटण खात नाही असं नाही, पण ज्याला आत्ता हातानं चारलं त्यालाच जेवायचं? मी वाटी बाजूला सरकवली आणि आपला स्टीलचा डबा उघडला. गाइडबाई बघत होती. तिनं लेकीला काहीतरी विचारलं.

आणि माझी लेक उभी राहिली.

ती बोलायला लागली. त्यांच्या भाषेत, मधीच इंग्रजीत. हातानं कोप दाखवली, मडकं दाखवलं, पाच दगड दाखवले. एका ठिकाणी ती वाकून चालली, तेव्हा मला कळलं, ती वडलांची नक्कल करतेय, त्यांचा गुडघा दुखायचा ना. जपानी पोरी होत्या तीन, त्या तोंडाला हात लावून हसल्या. मग ती काहीतरी हळू बोलली आणि कुणीच हसलं नाही. गाइडबाईनं माझ्याकडं बघितलं. लेक बोलतच राहिली, गाल लाल, डोळे चमकत.

मी भज्जीचा घास हातात धरून तशीच. ही माझी लेक? घरी आली की ही खोलीचं दार लावून बसते. पाहुणे येतात, पहिला प्रश्न, लग्नाचं काय? चौतीस झाली, आता कधी? सांगून आलेल्या पोरांची नावं मी स्वतः तिच्यापुढं टाकलीत, खोटं बोलणार नाही. ती हूं म्हणते, न्हाई म्हणते, ताट धुते आणि आत जाते. माझ्या घरात ही एवढी कधी बोललीच नव्हती. परक्या मुलखात, परक्या लोकांपुढं, ती माझ्या घरातली गोष्ट सांगत होती आणि माझ्यापेक्षा चांगली सांगत होती.

तिचं झाल्यावर गाइडबाई उठली, थर्मास हलवून बघितला आणि म्हणाली, अजून आहे यात. कुंपणाला नको. पण या झोपडीभोवती जनावरं येत नाहीत. इथं करा.

आम्ही बाहेर आलो. वर शेकोटीचा धूर, टोकदार झोपडी, दार एका बाजूला. कोपच म्हणा की. मी थर्मास लेकीच्या हातात दिला. का दिला? माझे हात गारठले होते, बस. दुसरं काही डोक्यात नव्हतं. “तू शिंपड,” म्हणले, “मी मागनं येते.” ती पुढं, मी मागं, आमच्या मागं जर्मन आजी-आजोबा, जपानी पोरी, शेवटी गाइडबाई. आता आरोळी द्यायची माझी पाळी, तर माझा आवाजच फुटेना. आमच्या शेतात ती आरोळी ह्यांची असायची. लेकीनं एकदा मागं वळून बघितलं आणि स्वतःच तोंड वर करून ओरडली, “ओलगेऽ ओलगेऽ!” लांब कुठंतरी लांडग्यांनी उत्तर दिलं. सगळे जोरात हसले. मग सगळ्यांनीच ओरडायला सुरुवात केली, गाइडबाईसुद्धा.

फेरी पुरी झाली. आता मागायचं होतं. मी हात जोडले, डोळे मिटले. माझी लेक माघारी द्या, एवढं सोपं वाक्य. जीभ उचलली नाही. मी नुसतीच म्हणले, पोरगी हसती राहू द्या.

परतीच्या बसमध्ये बाहेर पुन्हा काळोख. सगळे पेंगत होते. तिनं हळूच विचारलं, “आई, मग? काय सांगू नांदेडला?”

“न्हाई म्हणून सांग,” मी म्हणले. “राहा इथंच.”

“खरंच?”

“हाव.”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोन मिनिटांत झोपली. मी त्या जाड पोशाखाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले. ते कापड पाणी शोषत नाही, साधं रडायच्याही कामाचं नाही.

हे झालं मागच्या सालचं. पोशाख परत केला, विमानात बसले, लातुरात आले, साठ पोरींच्या पोळ्या लाटायला लागले. लोकांनी विचारलं, लेक कधी येते? मी सांगायची, येईल की येळवशीला. ती तसं म्हणाली होती. पुढच्या साली नक्की येते, सुट्टी आधीच मागून ठेवते. आणि मीही वर्षभर त्या एका दिवसाकडं डोळे लावून बसले. गादी भरून घेतली. तिच्यासाठी नवी शाल आणली, रानात गार वारं असतं म्हणून.

आठ दिवस आधी फोन आला. प्रयोगशाळेतलं काहीतरी निघालं, जमत नाही. मी म्हणले, असू दे. दुसरं काय म्हणणार?

येळवशीला दिराच्या माणसांनी कोप बांधली होती. पूजा झाली, फेरी झाली, ताटं मांडली. तिचं ताट मी वाढून कोपीत झाकून ठेवलं, दरसालसारखं. तेवढ्यात फोन वाजला. तिनं व्हिडिओ पाठवला होता. जावेनं सगळ्यांना गोळा केलं.

बर्फच बर्फ. तिच्या इमारतीमागचं मोकळं अंगण. कडब्याऐवजी वाळल्या फांद्या टेकवून केलेली कोप, आत पाच गोटे, पांढरे रंगवलेले. ज्वारी मिळाली नाही म्हणून तिकडच्या कुठल्याशा काळ्या पिठाची आंबील केली होती. ती पुढं शिंपडत चाललेली, डोक्यावर पदरासारखा मफलर, आणि मागं सात-आठ माणसं. त्यातली एक उंच, वाकून चालणारी. आमची गाइडबाई! सगळे ओरडत होते, “ओलगेऽ ओलगेऽ!” शेवटी लेक कॅमेऱ्यापाशी आली, धापा टाकत, गाल लाल, आणि म्हणाली, “आई, बघ! पुरी फेरी झाली. अर्धी न्हाई सोडली.”

रानात सगळे टाळ्या वाजवायला लागले. दीर म्हणाले, “वहिनी, तुमची पोरगी लई भारी! तिकडंबी येळवस झाली की!”

मी हसले. मला पोटातून आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच क्षणी मला आमचे हे आठवले, मडकं माझ्या हातात देणारे. तुझ्या हातची आंबील पडली की हे रान तुझंबी झालं. तिच्या हातात थर्मास कुणी दिला होता? मीच. तिला माघारी मागायला गेले आणि माझ्याच हातानं तिला ते रान देऊन आले. आता येळवशीला तिला माहेर आठवेल कशाला? मला आठवलं होतं का?

मी व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला, मग फोन पिशवीत ठेवला. कोपीत गेले, झाकलेलं ताट उचललं. बांधावरून एक माणूस मोटारसायकल ढकलत चालला होता, पंक्चर झालेली असणार. कोण कुठला, मी ओळखत नाही. मी मोठ्यानं हाक मारली, “ओ दादा, या, जेवून जावा.” तो म्हणाला, नको मावशी, उशीर झालाय.

“ताट वाढलेलंच हाय,” मी म्हणले, आणि त्याच्यापुढं ठेवलं.